चीक

फहाहीलचा फ्लॅट परत द्यायचा तर
काच पहिल्यासारखी हवी, असं करारात लिहिलंय.
पहिल्यासारखी म्हणजे कशी, ते कुणी लिहिलेलं नाही.
एकोणीस उन्हाळे खिडकीला चंदेरी कागद होता,
कडेनं तपकिरी टेप,
टेपवर टेप, दर मे महिन्यात एक पदर.
कागद ओढला तसा सरसर निघाला.
टेप मात्र आपला चीक मागे ठेवून गेली,
वाळून मधाच्या रंगाचा, वर वाळूची पूड.

साबणाचं पाणी झालं. व्हिनेगर झालं,
घरभर चायनीजच्या गाडीसारखा वास.
हेअर ड्रायर धरला तर चीक नुसता जागा झाला
आणि कूस बदलून पुन्हा निजला.
नेलपॉलिश काढायच्या पाण्याची अर्धी बाटली
वीतभर जागेवर संपली.

लांज्याहून कुसुमवन्संचा फोन:
अगो, फणस कधी चिरला नाहीस काय?
खोबरेल लाव, आणि तासभर विसर.
विळीचा चीक निघतो, तुझी काच ती काय!

लावलं. विसरले नाही, पण बसले,
रिकाम्या खोलीत एक सुटकेस होती तिच्यावर.
तेल हळूहळू कडांच्या आत शिरलं,
घरातलं कुणीतरी समजूत काढायला
बंद खोलीत जातं तसं, दार न वाजवता.

मग ब्लेड. आडवं, जवळजवळ निजवून.
उभं धरलं की काच ओरडते,
आणि ओरखडा डिपॉझिटमधून कापतात.

पहिल्या पदराखाली रेवतीचे स्टिकर.
च्युइंगमच्या पुड्यातले, सात डायनोसॉर,
तिच्या त्या वेळच्या उंचीवर, एका रांगेत.
गुडघ्यांवर बसून एकेक सोलला.
ती आता नाशकात लोकांचे डोळे तपासते.
फोटो पाठवला. तिनं लिहिलं, आठ होते.

आणि त्याही खाली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत
दोन धुरकट रेषा, एकमेकींना छेदणाऱ्या.
मला वाटलं, तडा गेला.
अबू हमदी, आमचा हारिस, मीटर बघायला आला होता,
म्हणाला, ही लढाईच्या सालातली टेप.
धक्क्यानं काच फुटून अंगावर येऊ नये
म्हणून लोकांनी खिडक्यांवर फुल्या मारल्या होत्या.
त्याला हे त्याच्या आधीच्या हारिसनं सांगितलेलं.
काच फुटली नाही.
लोकांचं त्याला माहीत नव्हतं.

त्या फुलीला दीड दिवस लागला.
तेल, थांबणं, ब्लेड, जुना गंजीफ्रॉक, पुन्हा तेल.
हे म्हणाले, राहू दे, चाळीस दिनार गेले तर गेले.
अकामा संपलेला माणूस पटकन उदार होतो.
मी म्हटलं, पैशाचं नाही.
मग कशाचं, ते त्यांनी विचारलं नाही,
बरंच झालं.

फणस चिरताना वन्सं आधी हाताला तेल लावतात,
मग सुरीला, आणि मग फणसाला शिवतात.
आम्ही दोन वर्षांसाठी आलो होतो.
तेल कुणाला आठवतंय.

अबू हमदीला सांगून ठेवलं:
नवीन येतील त्यांना म्हणावं, टेप लावायच्या आधी
काचेवरून तेलाचा हात फिरवा.
तो मिशीत हसला,
मग टेप चिकटणार कशी, मादाम?

चार वाजता वर्तमानपत्राच्या बोळ्यानं
शेवटचा हात मारला.
काच करकरली, म्हणजे झाली.
वन्संना फोटो पाठवला.
लगेच उलट फोन:
काच कुठाय यात?
समोरच्या बिल्डिंगीचे एसी कशाला पाठवलेस,
आणि त्यांच्या फटीत ते निळं काय गो?